जड पाण्यातली डाळ

सात शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, तेव्हा रतनबाईने डाळीचा एक दाणा चिमटीत दाबला. तो पिचकला नाही. टिचकन उडून ओट्यावर पडला. तिला त्या दाण्याचासुद्धा राग आला.

"आबा, ताट वाढू?"

"आज भूक न्हाई गं," सासऱ्यांनी पायात वहाणा सरकवल्या. "जरा फिरून येतो."

फिरणं कुठवर, ते तिला चांगलं ठाऊक होतं. रस्ता ओलांडला की जुनं घर, आणि त्या घरात धाकटी जाऊ सविता. वाटण्या झाल्या तेव्हा रतनबाईकडे नवं घर आणि बोअरचं पाणी आलं, सविताकडे जुनं घर आणि विहीर. सासरे मात्र थोरलीकडे, हा मान आधीच ठरलेला. तोच मान आता रोज दुपारी वहाणा घालून रस्ता ओलांडत होता आणि रतनबाई जळत होती. सव्वीस वर्षं माझ्या आमटीला बोटं चाटली, आणि दात पडल्यावर धाकटीची मऊ डाळ गोड लागायला लागली!

"डाळीवर काय रागावतेस, आई?" कॉलेजला निघालेली स्नेहल म्हणाली. "पाणी जड आहे आपलं. त्यातले क्षार डाळीला घट्ट धरून ठेवतात. साबणालाही फेस येत नाही, बघतेस ना? आणि त्यात तू आमसूल आधीच टाकतेस."

"मग आंबट मुराया नगं व्हय?"

"आंबटानेही डाळ कडक राहते. आधी शिजू दे, मग आमसूल. आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाक."

"तुजी काकू टाकती का?"

"मला काय माहीत!"

दुसऱ्या दिवशी रतनबाईने सोडा टाकला. चार शिट्ट्यांत डाळीचं लोणी झालं. आमसूल घालून तिने वाटीभर चाखून पाहिली आणि एकटीच हसली. आबांनी वहाणांकडे पाहायच्या आत तिने ताट वाढलं.

"लय मऊ झालीय," पहिल्या घासाला आबा म्हणाले.

तिला राहवेना. "धाकटीपरीस?"

"तिची?" आबांना हसू आलं. "तिची तर तुज्यापरीस टणक असती. विहीर आटल्यापासनं ती बी गावच्या बोअरचंच पाणी वापरती. मी आपलं वरवरचं पाणी भुरकतो."

रतनबाईच्या हातातली पळी थांबली.

"मग रोज तितं कशाला जाता?"

आबांनी भातात डाळ कालवली.

"ती बी ताट घिऊन समोर बसती. तुजी सासू गेल्यापासनं येकट्याला घास जात न्हाई गं."

सव्वीस वर्षं रतनबाईने त्यांना उभ्याने वाढलं होतं. त्यालाच ती मान राखणं समजत आली होती. 'मी बसू का?' हे तिच्या ओठांवर आलं, पण आता बसायचं म्हणजे धाकटीचा कित्ता गिरवायचा, आणि ते तिला मेलं तरी जमणार नव्हतं.

चार घासांनंतर आबांनी हात आखडता घेतला.

"ऱ्हायलेली डब्यात भर. सवितासंगं बसून खातो. तिला बी चव कळू दे."

तिने डबा काठोकाठ भरला. आबा तो सांभाळत रस्ता ओलांडून गेले. तिकडे आता दोन ताटं मांडली जाणार होती, आणि दोन्हींत डाळ तिच्या हातची असणार होती.