कोंडूचा फंड

"कोंडू कुठाय? त्याला उभा करा," कारकून म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"कोंडू वारला, भाऊसाहेब. ही त्याची बायको, बायडाबाई," मी म्हणालो.

"वारला? मग गेल्या महिन्यापर्यंत त्याचा पगार कोण घेत होतं?"

"मी," बायडाबाई म्हणाली.

आता या माणसाला किती वेळा समजावून सांगायचं? आमची शाळा वडिवळ्याच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला. कोंडू तिथला लोकल बोर्डाचा शिपाई. नऊ वर्षांपूर्वी तापानं गेला. तेव्हाच्या हेडमास्तरांना शहाणपण सुचलं. मरण कळवलं तर जागा जाईल, म्हणून नाव कोंडूचंच ठेवायचं आणि काम बायडाबाईनं करायचं. तिनं केलं. झाडलोट, पाणी, घंटा, सगळं. इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी हेडमास्तर तिला कुंकू लावून यायला सांगत. साहेबानं विचारलं तर नवरा आजारी आहे म्हणायचं. दरमहा पगारातून फंड कापला जाई, बोर्डही त्यात आपली भर घाली. सगळं कोंडूच्या नावावर.

ते हेडमास्तर बदलून गेले आणि त्यांच्या जागी मी रुजू झालो त्याच महिन्यात कोंडू कागदावर पंचावन्न वर्षांचा झाला. आता तो निवृत्त. फंड हवा तर स्वतः हजर पाहिजे म्हणे. कपाळ माझं. कचेरीत यायचं म्हणून बायडाबाई आजही कुंकू लावूनच आली होती.

कारकुनानं चष्मा पुसला. "तो मेला तोपर्यंतचा फंड वारसाला मिळेल. पुढचा नाही. मेलेला माणूस नोकरी करत नाही."

"मीबी त्येच म्हंते," बायडाबाई म्हणाली. "मंग केली कुणी?"

"बाई, बोर्डाकडे तुमचं नावच नाही."

"हात हायेत की. ह्ये बघा." तिनं पोहऱ्याच्या दोरानं घट्टे पडलेले तळवे टेबलावर ठेवले. त्यानं पाहिलेसुद्धा नाहीत.

माझं डोकं फिरलं. "कापताना बरा जिवंत होता, भाऊसाहेब. द्यायची वेळ आली आणि मेला?"

"मास्तर, जास्त ताणू नका. वरून चौकशी आली तर नऊ वर्षांचा पगार परत मागतील. ही कुठून भरणार?"

मला त्याचा संताप आला, आणि तो म्हणत होता ते खरं होतं याचा त्याहून जास्त आला. "तू म्हणशील तर मी वर अर्ज लिहितो, बायडाबाई," मी म्हणालो.

"नगं. तुमची नोकरी कशापायी घालवता?" तिनं तळवे टेबलावरून उचलले. "म्हातारपणाची भाकर व्हती ती माझी. पर जाऊ द्या. त्यास्नी आता मरू द्या, मास्तर. लय वरसं ताटकळल्यात."

कारकुनानं 'मयत कोंडू याची विधवा' असं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

बाहेर येऊन ती रांजणापाशी बसली. पदर ओला केला आणि कपाळ पुसत राहिली, बराच वेळ.

"गेलं का, मास्तर?"

कुंकू गेलं होतं. त्या जागी अंगठ्याची काळी शाई लागली होती. मी माझा रुमाल भिजवला आणि तिच्या हातात दिला.