कर्णधार खुर्चीवरून उठले तेव्हा

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. मोडकी म्हणालात तर मात्र आपले जमायचे नाही. माझ्या पुढच्या डाव्या पायाला लोखंडाची पट्टी ठोकली आहे, कापडावर ठिगळ आहे आणि उघडताना मी कुरकुरते. तरी मित्रांनो, माझी कीव करायला कुणी येऊ नये. ती पट्टी मला कशी मिळाली हे ऐकलेत, तर ती लपवण्यासारखी नाही हे तुम्हीच कबूल कराल.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याची थोरली बहीण एके सकाळी तणतणत आत आली आणि म्हणाली, "तुझ्या भाऊजींना एक खुर्ची करून दे. कमरेवर हात ठेवून चालतात आणि विचारलं की म्हणतात, काही नाही झालं."

तिच्या मागोमाग भाऊजीही आले. ते देशाच्या पुरुष टेनिस संघाचे कर्णधार होते. तरुणपणी ते स्वतः खेळत. मणक्याने दगा दिल्यापासून ते नुसते कोर्टावर बसत.

"भाऊजी, एवढी पाठ दुखते तर टेनिस सोडा ना," सुतार म्हणाला.

"सोडलंच आहे की. आता फक्त बसायचं काम उरलंय."

"आणि तेही धड जमेना!"

बहिणीने भावाला दटावले, पण हसू तिलाही आवरेना. सुताराने एका पाडलेल्या शाळेच्या दाराची चौकट कोपऱ्यातून बाहेर काढली. लाकूड कसे घट्ट, सरळ रेषांचे! त्याने भाऊजींना स्टुलावर बसवून त्यांच्या पाठीचा बाक नीट पाहिला आणि माझी पाठ त्याच बेताने घडवली. बहिणीने तंबूच्या जाड कापडाची बैठक शिवली आणि तिला दुहेरी टीप मारली. घडी घातली की मी काखेत मावत असे आणि उघडली की जागची हलत नसे.

टेनिसच्या कोर्टावर कर्णधाराचे काय काम, असे तुम्ही विचाराल. एरवी टेनिसपटू आपल्या बाकावर एकटाच असतो. पण ही स्पर्धा देशादेशांची. दोन देशांची लढत म्हणजे चार एकेरीचे सामने आणि एक दुहेरीचा; ज्याचे तीन सामने आधी, तो देश जिंकला. यात कर्णधार कोर्टालगत बसतो आणि बाजू बदलताना खेळाडू घाम पुसायला आला की त्याच्याशी बोलतो. ते सगळे बोलणे मी ऐकले आहे.

त्या मोसमात आमच्या गटात चार देश होते. प्रत्येकाशी एकदा खेळायचे आणि तळाला राहील त्याने खालच्या गटात जायचे. आमचा संघ काही बलाढ्य नव्हता. सगळी भिस्त एका खेळाडूवर. तो इतका उंच होता की बसच्या दारातून वाकूनच आत शिरे. सगळे त्याला लंबू म्हणत. सर्व्हिस तोफेसारखी आणि डोके मात्र क्षणात तापणारे.

पहिली लढत परदेशात, एका बंदिस्त हॉलमध्ये होती. तिथल्या मुख्य पंचांनी मला पाहून नाक मुरडले.

"ही बाहेर ठेवा. कोर्टावर आमचे बाक आहेत."

"तुमच्या बाकाला पाठ नाही आणि माझी पाठ माझी राहिलेली नाही," कर्णधार म्हणाले. "नियमात खुर्चीला मनाई असेल तर दाखवा. मी उभा राहीन."

पंचांनी नियम चाळले. मनाई नव्हती. कर्णधारांनी त्यांच्यादेखत माझी घडी उघडली आणि ऐसपैस बसले. तेव्हापासून मला ताठ उभे राहायची सवय लागली, ती आजतागायत गेलेली नाही.

त्या हॉलमधले प्रेक्षक पत्र्याचे डबे आणि ढोल घेऊन आले होते. लंबू चेंडू उडवायला हात वर करी आणि मागे धडाधड सुरू होई. त्याची सर्व्हिस जाळीत जाऊ लागली. बाजू बदलताना तो येऊन धपकन बसला. "हे थांबवा! कानठळ्या बसतायत मला!"

कर्णधारांनी शांतपणे टॉवेल पुढे केला. "तुझी आई जेवायला हाका मारते तेव्हा तुला ऐकू येतं?"

"नाही."

"शेजारच्या घरात ऐकू जातं, तुला नाही. मग हे ढोल बरे ऐकू येतात?"

लंबूला हसू फुटले. हसतच तो उठला आणि तो सामना त्याने खेचून आणला. ती लढत आम्ही जिंकलो.

दुसरी लढत हरलो. मातीचे संथ कोर्ट, समोरचे खेळाडू चिवट, आणि आमची दुहेरीची जोडी एकमेकांकडे बघत मधले चेंडू सोडत राहिली. परतताना विमानतळावरच टेनिस संघटनेच्या चिटणीसांनी कर्णधारांना गाठले.

"तुम्ही यांना डोक्यावर चढवून ठेवलंय. जरा चाबूक दाखवा."

"घोडे नाहीत ते," कर्णधार म्हणाले आणि मला काखेत मारून चालू लागले.

आता सगळे तिसऱ्या लढतीवर आले. ती आमच्याच शहरात होती. चिटणीसांनी कोर्टावर चकचकीत गुबगुबीत खुर्च्या मांडल्या होत्या. "दूरचित्रवाणीवर हे भंगार दिसता कामा नये," असे ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. कर्णधारांनी त्यांची गुबगुबीत खुर्ची उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि मला मांडले.

तो आठवडा भयंकर उकाड्याचा होता. कोर्टावरून वाफा निघाल्यासारख्या दिसत. दोन सामने आम्ही जिंकलो, दोन त्यांनी. शेवटचा सामना लंबूचा. जिंकला तर गटात राहायचे, हरला तर खाली जायचे. प्रेक्षागार तुडुंब भरले होते. लंबूने पहिला सेट घेतला तेव्हा लोक उभे राहून ओरडू लागले.

दुसऱ्या सेटमध्ये काहीतरी बिनसले. आधी कर्णधारांच्या लक्षात आले. त्यांची पाठ एकदम ताठ झाली आणि माझे कापड ताणले गेले. लंबू चेंडूपाशी पोहोचत होता, पण पाय कुठेतरी तिसरीकडेच पडत होते. बाजू बदलताना तो आला तेव्हा त्याचा चेहरा लालभडक होता. मघाशी निथळणारा घाम आता कपाळावर दिसत नव्हता आणि अंगावर काटा आला होता.

"थंडी वाजतेय," तो म्हणाला.

संघाची फिजिओ धावत आली. तिला सगळे ताई म्हणत. तिने त्याच्या मानेला हात लावला आणि कर्णधारांना हळूच म्हणाली, "उष्माघात दिसतोय."

"गुण काय झालेत?" कर्णधारांनी लंबूला विचारले.

"तिसरा सेट चालू आहे ना."

"आता कुठल्या बाजूला जायचं?"

लंबूने प्रेक्षकांच्या दिशेने हात केला.

कर्णधार उठले. पाठ धरली नाही, हातावर जोर दिला नाही, ताडकन उठले. सरळ पंचांच्या उंच खुर्चीपाशी जाऊन म्हणाले, "आमचा खेळाडू पुढे खेळणार नाही. सामना त्यांना द्या."

क्षणभर कुणाला काही कळलेच नाही. मग असा गिल्ला उठला की मी थरथरू लागले. चिटणीस पाहुण्यांच्या कक्षातून धावत कठड्यापाशी आले. "एकच सेट राहिलाय! पाणी मारा डोक्यावर आणि उभा करा त्याला! अख्खा देश बघतोय!"

"देश उद्याही असेल," कर्णधार म्हणाले. "हा असायला पाहिजे."

पण सगळ्यांत जास्त खवळला तो लंबू. "मी खेळणार! तुम्ही कोण मला थांबवणारे?" त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. त्याने रॅकेट उगारली आणि होता नव्हता तेवढा जोर काढून हाणली. ती बसली माझ्या पायावर. कडकन आवाज झाला. पाय उभा तडकला. तरीही मित्रांनो, मी पडले नाही. पडला तो लंबू, गुडघ्यांवर.

ड्रेसिंग रूमकडे अरुंद जिना उतरत होता. स्ट्रेचर वळेना. ताई ओरडली, "खुर्चीवर बसवा आणि तशीच उचला!" कर्णधारांनी माझी एक बाजू धरली. दुसरी बाजू धरायला हात पुढे आला तो समोरच्या संघाच्या कर्णधारांचा. त्यांची भाषा आमच्या कुणाला येत नव्हती. लंबूचा तो प्रचंड देह, माझा तडकलेला पाय आणि वरून कोसळणारी हुर्यो. कुणीतरी भिरकावलेली पाण्याची बाटली माझ्या पाठीवर आपटली. तशा गदारोळात आम्ही तो जिना उतरलो. खाली बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला होता. ताईने लंबूला त्यात ठेवले आणि त्याचे डोके हातांवर धरून ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "पाणी फार गार आहे." तेव्हा कर्णधार भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांची पाठ पुन्हा दुखू लागली.

वार्ताहर बाहेर वाट बघत होते. पहिलाच प्रश्न आला, "तुम्हाला पश्चात्ताप होतोय का?"

"होतोय," कर्णधार म्हणाले. "दोन गेम आधीच थांबवायला हवं होतं."

आम्ही खालच्या गटात गेलो. 'कर्णधाराची खुर्ची गेली' असे वर्तमानपत्रात छापून आले आणि ते दोन्ही अर्थांनी खरे ठरले. त्यांचे पद गेले, आणि मी संघटनेच्या गोदामात फाटक्या जाळ्यांखाली जाऊन पडले. उंदरांनी माझे कापड कुरतडले. मला वाईट वाटले का? वाटले. पण लाज वाटली नाही, एक दिवसही नाही.

एका दुपारी सुतार दारात उभा राहिला. गोदामवाला म्हणाला, "चिटणीससाहेबांच्या परवानगीशिवाय इथलं काही हलवता येत नाही."

"साहेबांना सांग, ही माझ्या बहिणीच्या घरची आहे. हवी असेल तर तिच्याकडे मागायला या म्हणावं." मला खांद्यावर टाकून तो निघालासुद्धा. गोदामवाल्याने ती बहीण पाहिलेली असावी, कारण तो मागे आला नाही.

पाय बदलायचा की जोडायचा, यावर घरात वाद झाला. सुतार नवा पाय करून द्यायला तयार होता. कर्णधार म्हणाले, "जोड. होता तोच ठेव." म्हणून ही पट्टी. ठिगळ त्यांच्या पत्नीने लावले.

हिवाळा सरता सरता लंबू घरी आला. इतके महिने तो कर्णधारांशी बोललेला नव्हता. दारातून वाकून आत आला आणि उभाच राहिला.

"मला अजून वाटतं, मी जिंकलो असतो."

"वाटू दे की," कर्णधार म्हणाले. "वाटायला माणूस जिवंत असावा लागतो. चहा घेणार?"

लंबूने कप घेतला, पण प्यायला नाही. "संघटनेत सांगून आलोय. तुम्ही कर्णधार नसाल तर मी खेळणार नाही."

"वेड्यासारखं करू नकोस. तुझी उमेदीची वर्षं आहेत. जाऊन खेळ."

"कोर्टावर तुम्ही थांबवलंत तेव्हा मी तुमचं ऐकलं होतं का? मग आता कसं ऐकेन?"

आत पोळपाटाचा आवाज थांबला. कर्णधारांची पत्नी बाहेर आली आणि म्हणाली, "दोघंही सारखेच आहात. जेवून भांडा."

संघटना नमली नाही. लंबूही नमला नाही. तो सगळा मोसम तो घरी बसला. लोक त्याला घमेंडी म्हणाले, पळपुटा म्हणाले. पुढल्या वर्षी चिटणीस बदलले तेव्हा कुठे कर्णधारांना बोलावणे आले. ते मला काखेत मारूनच गेले.

आम्ही अजूनही खालच्या गटातच आहोत. मग काय झाले? इथली कोर्टे छोटी, प्रेक्षक थोडे, फलक हाताने बदलावे लागतात. मध्यंतरी अशाच एका लढतीत आमच्या डावखुऱ्या खेळाडूच्या पोटरीचा स्नायू फाटला. त्याने दोनदा पाऊल टेकवून पाहिले आणि कर्णधारांकडे बघून मान हलवली. कर्णधारांनी लगेच हात वर केला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली. डावखुरा मान खाली घालून टॉवेल गुंडाळू लागला.

तेव्हा बाकावरून लंबू उठला. त्याने डावखुऱ्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली, त्याचा हात आपल्या मानेभोवती घातला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला. एकेक शिट्टी गळत गेली. सगळे चिडीचूप झाल्यावर तो डावखुऱ्याला म्हणाला, "मान वर कर. आता चल." आणि दोघे कोर्टाच्या मधून, सगळ्यांसमोरून चालत बाहेर गेले.

मित्रांनो, तुमच्याही मैदानावर कुणीतरी एक दिवस म्हणेल, "मला आता होत नाही." त्याला भित्रा म्हणणारे पुष्कळ भेटतील, तुमच्या जवळचेही असतील. त्या वेळी तुम्ही बसून राहू नका. उठा, त्याची बॅग घ्या, आणि शिट्ट्या वाजवणाऱ्यांकडे तोंड करून उभे राहा.