डावा कोपरा

प्रणालीच्या धाकट्या मुलीचं बारसं झालं ते साल २०२३. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि उत्तमराव कळंबे लेकीकडं पांढुर्ण्याहून पुण्याला गेले होते. त्यांच्या पत्नी मीनाबाई असत्या तर पाळण्यापासून हलल्या नसत्या. पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि बायकांनी भरलेल्या घरात एकट्या म्हाताऱ्यानं कुठं बसावं हे काही उत्तमरावांना उमगेना. घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन ते जिना उतरले आणि सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन बसले. तिथं टेबल टेनिसचं टेबल मांडलेलं होतं. ते दिसलं तेव्हा कुठं त्यांचा जीव थाऱ्यावर आला.

उत्तमराव आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. तिथल्या मागच्या खोलीत कुणा साहेबानं टेबल आणून ठेवलेलं, त्यावर ते खेळायला शिकले. बॅट धरायच्या दोन तऱ्हा असतात. एक, कुणाचा हात हातात घ्यावा तशी. दुसरी, पेन धरावं तशी: अंगठा आणि पहिलं बोट पुढून, उरलेली तीन बोटं बॅटीच्या पाठीशी. उत्तमरावांची तऱ्हा पेनाची. या तऱ्हेनं उजव्या हाताचा फटका विजेसारखा निघतो, पण डावीकडं आलेला चेंडू जिवावर येतो. मनगट तिकडं वळतच नाही. नुसतं ढकलायचं, नाही तर पाय उचलून अख्खं अंग डावीकडं न्यायचं आणि तिथूनही उजवाच मारायचा. वयात होते तोवर उत्तमरावांनी पायांवर निभावलं. गुडघे कुरकुरायला लागले तसा त्यांचा डावा कोपरा उघडा पडला, कुंपण मोडलेल्या वावरासारखा. कुणीही यावं आणि चरून जावं.

आणि चरायला येणारा एकच होता, विजय ठवकर.

विजयराव एक्स्चेंजमध्येच होते, घर जाम नदीच्या पल्याड सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्याच्या झेंड्यासाठी पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड घालतात. गाव सारं नदीवर, बाजार बंद, आणि एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर हे दोघं अडकलेले. एक या काठाचा, एक त्या काठाचा. मग त्यांनी आपली गोटमार टेबलावर सुरू केली. नोकरी संपली, एक्स्चेंजची ती खोली रिकामी झाली, टेबल भंगारात निघालं. उत्तमरावांनी ते मागून आणलं आणि घरामागच्या गोठ्यात लावलं. वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिल्यापासून गोठ्यात बैल नव्हतेच. पुढं विजयराव मुलाकडं सौंसरला राहायला गेले, तरी गोटमारीच्या दिवशी ते बसनं यायचे, जेवायचे, सामना जिंकायचे आणि शेवटच्या बसच्या आधी निघून जायचे. चेंडू डाव्या कोपऱ्यात घातला की म्हणायचे, "पांढुर्ण्याच्या लोकाइले डावीकडून आलेला गोटा दिसतच नाही."

त्या साली, बारशाच्या दोन महिने आधी, सामना फारच लवकर संपला होता. विजयरावांना घामसुद्धा आला नव्हता. चप्पल घालता घालता ते सहज बोलून गेले की पुढच्या साली जमते की नाही, पाहू. बोलणारा बोलून गेला. ऐकणाऱ्याच्या मनात ते काट्यासारखं रुतलं. उत्तमरावांनी त्याचा अर्थ असा लावला की या खेळात आता विजयला गोडी उरली नाही, एका म्हाताऱ्याला डावीकडं चार चेंडू घालायला कुणी कशाला सौंसरहून यावं? आणि मीनाबाईंनंतर उत्तमरावांच्या दाराशी त्यांच्यासाठी म्हणून येणारं दुसरं माणूस नव्हतं. वर्षातला हा एक दिवस गेला असता, तर वर्ष सगळं सारखंच झालं असतं.

तर पुण्याच्या त्या हॉलमध्ये सुचिता नावाची एक कॉलेजातली मुलगी खेळत होती. तिनं बॅट पेनासारखीच धरलेली पाहून उत्तमराव सरसावून बसले. समोरच्यानं चेंडू तिच्या डावीकडं घातला. आता ही ढकलणार, असं त्यांना वाटलं, तर तिनं मनगट आत वळवलं आणि बॅटीच्या पाठीनं सणकन फटका मारला. उत्तमरावांच्या तोंडातली घुगरी तोंडातच राहिली. पाठीनं! त्यांच्या बॅटीची पाठ म्हणजे नुसतं लाकूड, तीन बोटं टेकवायची जागा. तिला काही उपयोग असेल हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

खेळ थांबल्यावर त्यांनी लाजत लाजत विचारलं. मुलगी मोठी गुणाची. तिनं त्यांच्या हातात आपली बॅट दिली आणि बोटं एकेक करून बसवली. मागची तीन बोटं पसरायची नाहीत, दुमडून एकत्र ठेवायची, नाही तर चेंडू बोटांवरच बसतो. अंगठा दाबायचा, पहिलं बोट सैल. कोपर पुढं. मनगट आधी पोटाकडं न्यायचं आणि मग उघडायचं.

"काका, सुरुवातीला बॅट हातातून सुटेल असं वाटतं," ती म्हणाली. "सुटत नाही. पण वाटतं."

प्रणालीनं दुसरं रबर मागवून दिलं. पांढुर्ण्याला आल्यावर उत्तमरावांनी ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं बॅटीच्या पाठीवर चिकटवलं. बॅट जड झाली. पहिल्या आठवड्यात मनगट इतकं सुजलं की भाकरीचा तुकडा मोडायला डावा हात लागू लागला. बॅटीची कड बोटांत रुतायची, ती त्यांनी कानशीनं घासून गोल केली.

समोर कुणी नव्हतं. टेबलाचे दोन भाग वेगळे होत, त्यातला एक त्यांनी भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्याशी खेळू लागले. चेंडू जसा मारावा तसा तो परत येतो, तिथल्या तिथं, डाव्या कोपऱ्यात. थंडीभर मारलेला बहुतेक चेंडू गवताच्या कुडाखाली गेला. वाकून काढण्यातच सकाळ जायची. फाल्गुनात कधीतरी मनगट आपोआप वळलं आणि चेंडू खणखणीत वाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही जमेना. मग उन्हाळ्यात पत्रे तापले तरी ते गोठ्यात, आणि पावसाळ्यात गळतीखाली बादली लावून गोठ्यात.

माणूस एकटा खेळायला लागला की तोंड गप्प राहत नाही. चेंडू चुकला की उत्तमराव विजयरावांच्या आवाजात स्वतःलाच टोमणा मारायचे आणि आपल्या आवाजात उत्तर द्यायचे. शेजारची वंदना भिंतीपलीकडून रोज टकटक ऐकायची. एका सकाळी तिला दोन आवाज ऐकू आले. काकांकडं पाहुणा आला म्हणून ती बिचारी दोन कप चहा घेऊन आली.

"पाहुणे कुठं गेले काका?"

उत्तमराव म्हणाले, आत्ताच गेले. तिनं दाराकडं पाहिलं, आपण तर समोरच होतो असं तिच्या चेहऱ्यावर आलं. दोन्ही कप ठेवून गेली. उत्तमरावांनी एक चहा प्याला, मग दुसराही प्याला, कारण परत कसा करणार?

पोळ्याच्या आधी त्यांनी सौंसरला फोन केला. येतो का, असं विचारायचं होतं, पण त्यांनी पुरणपोळी करून ठेवतो असं सांगितलं. विजयराव म्हणाले, कोण करते पुरणपोळी, तू? मग वंदना करते म्हटल्यावर, येतो म्हणाले.

गोटमारीच्या दिवशी ते आले. जरा वाळले होते, बाकी तसेच. नदीकडून ढोलाचा आणि आरडाओरड्याचा आवाज येत होता. टेबल जोडलेलं, जाळी ताणलेली. जेवण झालं, सुपारी झाली, सामना सुरू झाला आणि विजयरावांनी सवयीनं पहिला चेंडू डाव्या कोपऱ्यात घातला.

उत्तमरावांनी मनगट वळवलं. चेंडू विजयरावांच्या बॅटीजवळून गेला आणि मागच्या कुडावर आपटला.

विजयरावांनी आपली बॅट टेबलावर ठेवली. मग टेबलाला वळसा घालून आले, उत्तमरावांच्या हातातून बॅट घेतली आणि उलटी करून पाहिली. पाठीवरच्या रबरावरून अंगठा फिरवला.

"कोणं शिकवलं बे हे तुले?"

"पुण्याच्या एका पोरीनं दाखवलं. बाकी भिंतीवर शिकलो."

"सालभर?"

"सालभर."

"एकटाच ठोकून राहिला होता?"

उत्तमरावांनी मान डोलावली. विजयरावांनी बॅट परत दिली आणि आपल्या जागी गेले. त्यानंतर दोनदा त्यांनी मुद्दाम डावीकडं चेंडू टाकून पाहिला, दोन्ही वेळा तो त्यांच्या हाताला लागला नाही. उत्तमरावांच्या अंगात तर हत्तीचं बळ आलं. आज विजय हरून जाणार आणि पुढच्या साली उट्टं काढायचं म्हणून येणार, पक्कं येणार.

पण विजय ठवकर काही दूधखुळा नव्हता. त्यानं चेंडू उजवीकडं टाकायला सुरुवात केली. लांब, अगदी कडेला. आणि उत्तमरावांच्या ध्यानात आलं की आपले पाय हलत नाहीत. भिंत चेंडू डावीकडंच परत देत होती, म्हणून सालभर ते डाव्या कोपऱ्यात खुंटीसारखे उभे राहिले होते. ज्या उजव्या फटक्यावर जन्म काढला तो आता उशिरा निघत होता. चेंडू जवळून जायचा आणि बॅट मागून फिरायची. एकामागून एक गुण गेले. नदीवर अजून झेंडा तुटला नव्हता आणि इकडं सामना संपलासुद्धा.

विजयराव हसत हसत बाजेवर बसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी प्याले.

"अबे, तुहा उजवा कुठं गेला? एक दार लावलं अन् दुसरं उघडं टाकून बसला!"

उत्तमरावांना हसू आलं नाही. ते जाळी सोडू लागले. विजयराव बाजेवरून उठले. मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"जाळी राहू दे. आयक, मी गुरुवारी रिकामाच रायतो. सकाळच्या बसनं येत जातो दर गुरुवारी. घरी कोण बोलते माह्याशी? पोरगा योगेश दुकानात, सून शाळेत. खेळू थोडंसं, जेवू, मी जाईन."

हेच तर हवं होतं. वर्षातून एक दिवस टिकावा म्हणून ज्यानं सालभर मनगट झिजवलं, त्याच्यापुढं दर गुरुवार आपल्या पायानं चालत आला होता. पण माणसाचं मन कधी कुठं अडेल सांगता येत नाही. उत्तमरावांना वाटलं, ही दया आहे. एकटा भिंतीशी खेळत होता हे ऐकून याला कणव आली. आणि आत्ता, असा उजवा मेलेला घेऊन, दर गुरुवारी त्याच्यापुढं हरत उभं राहायचं? चार गुरुवारांत कंटाळेल, मग येणंच बंद.

"आत्ता नको," ते म्हणाले. "मले उजवा बसवू दे पहिले. दिवाळीनंतर ये."

"मी काय परीक्षा घ्याले येऊन राहिलो का?"

"तसं नाही. पण खेळ बरोबरीचा झाला पाह्यजे."

विजयराव म्हणाले, तुही मर्जी. उत्तमराव त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत दोघं गोटमारीत यंदा किती जण जखमी झाले असतील ते बोलत होते. बस सुटताना विजयरावांनी खिडकीतून हात दाखवला आणि मनगट आत वळवून उघडलं, त्या नव्या फटक्यासारखं.

उत्तमराव दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. भिंतीला टेकवलेला भाग त्यांनी एका बाजूनं विटा लावून तिरका केला, म्हणजे चेंडू उजवीकडं यावा. एक डावा, एक उजवा, पाय उचलून. गुडघ्याला वंदनानं दिलेलं तेल चोळायचे. दिवाळीला विजयरावांचा फोन आला. नात काय म्हणते, संत्री कशी आहेत, असं इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी विचारलं, येऊ का आता? उत्तमराव म्हणाले, अजून पाय वळून नाही राहिला, थोडं थांब. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री उतरली तेव्हा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला होता. थंडी बाधली म्हणे. या खेपेला त्यांनी येऊ का असं विचारलं नाही. उजवा कसा आहे, एवढंच विचारलं.

"आला आता," उत्तमराव म्हणाले. "संक्रांत होऊ दे. संक्रांतीनंतरच्या गुरुवारी ये."

"तीळगूळ ठेवजो," विजयराव म्हणाले.

उजवा खरोखरच आला होता. जानेवारी लागता लागता दोन्ही कोपऱ्यांतले चेंडू परत जाऊ लागले. उत्तमरावांनी विटा काढल्या, टेबल जोडलं, पुसलं. वंदनाला सांगून ठेवलं की आता दर गुरुवारी जेवायला दोघं असू.

मग योगेशचा फोन आला, आणि उत्तमराव सौंसरच्या बसमध्ये बसले.

विजय ठवकर ११ जानेवारी २०२५ ला सकाळी सौंसर येथे, मुलाच्या घरी, वारले.