मासा आणि नांगर

"मावशी, ते झाकलं काय?"

जत्रेच्या मंडळातला गोरक्ष शिवणाच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभा होता. मालनबाईने मशीनवरचा पाय काढला नाही. तिने काही झाकलं नव्हतं, अस्तराचा तुकडा आपसूक वर पडला होता. निदान तिला तसं वाटलं. हल्ली तिचे हातच तिला न विचारता वस्तू झाकायला लागले होते.

"लेकराचं झबलं हाय," ती म्हणाली.

"मग दाखव की. झबल्याला कसला पडदा?"

तिसगावात कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे विचारायला कुणी फिरकत नाही. कोण काय शिवतंय हे बघायला मात्र माणसं चपला झिजवतात. मालनबाईने कोपऱ्यात ब्लाऊजसाठी बसलेल्या बनुबाईकडे पाहिलं. हिनेच चुगली केली असणार. परवा झबल्याकडे टक लावून बसली होती.

लेकीचं, मोनिकाचं, लग्न रजिस्टर झालं, एवढंच मालनबाईने गावात सांगितलं होतं. जावई श्रीरामपूरचा, ख्रिस्ती, हे पोटात ठेवलं होतं. नातवाच्या बाप्तिस्म्याचं झबलं आईनेच शिवावं, हा मोनिकाचा हट्ट.

"मासा काढ, अन् नांगर," तिने फोनवर सांगितलं होतं. "पाळकसाहेब म्हनले, पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या खुना हायत. तवा क्रूस उघड मिरवायची सोय नव्हती, म्हनून मासा काढायचे."

"आता तरी कुठं हाय?" मालनबाई म्हणाली होती.

गोरक्षने झबलं उचललं. मासा पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे कसलं चिन्ह?"

मशीन थांबलं. मग त्याला खालचा नांगर दिसला. रुमणं, जू, फाळ, सगळं टाक्यात अगदी जिथल्या तिथं. आठी सुटली. त्याने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि झबलं कपाळाला लावलं.

"मच्छिंद्रनाथाचा मासा! अन् आपल्या शेतकऱ्याचा नांगर! लई भारी, मावशी. मढीच्या नाथांच्या जत्रंला पोरांच्या टी-शर्टावर हेच काढून दे. मला भलताच संशय आल्ता."

मालनबाईने मशीनचं चाक हाताने फिरवलं. गप्प राहिलं की भागत होतं.

"मोनिकाच्या पोराचं ना? बारसं कवा?"

"व्हईल की आता," बनुबाई घाईने मधे बोलली. "बारशाचंच हाय ते. दुसरं काय असनार?"

मालनबाईने चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला ठाऊक होतं. ठाऊक असून ही झाकत होती! आपण उगाच मनातल्या मनात भलत्याच बाईला शिव्या घातल्या. तिला स्वतःचीच चीड आली. नातू काय चोरीचा माल आहे, सगळ्यांनी मिळून लपवायला?

"बारसं न्हाई, गोरक्षा," ती म्हणाली. "बाप्तिस्मा हाय. जावई ख्रिस्ती हाय माझा. मासा येशूचा हाय."

गोरक्षने झबलं हातातून सोडलं, चटका बसल्यासारखं. ते मशीनच्या पायडलवर पडलं.

"गावाला फसवलं तू."

"तुझ्या बारशाचं झबलं ह्याच मशीनवर शिवलंय. तवा न्हाई इचारलं कुनी."

तो चपला पायात सरकवत निघून गेला. दोन दिवसांत बायका येऊन आपापले ब्लाऊजपीस घेऊन गेल्या. कुणाला घाई नव्हती, कुणाची बहीण शिवणार होती. बनुबाई शेवटी आली. "घरात कटकट हाय गं," म्हणाली. पिशवी घेतली, पण मान काही वर केली नाही.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी झबलं पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो मालनबाई, नांगर म्हणजे जहाजाचा! समुद्रात टाकतात तो!"

पुढच्या बाकावर खसखस पिकली. मोनिका ओशाळली. "आई, उसवतेस का? दोरा बारीक हाय."

"ऱ्हाऊ दे," मालनबाई म्हणाली. "आमच्याकडं हाच नांगर असतोय."

पाळकसाहेबांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं. ते गालावरून झबल्यावर ओघळलं, माशाच्या अंगावरून खाली आलं आणि नांगराच्या फाळाशी जिरलं.