हाकेचा शनिवार

आमच्या शाळेत चार हाऊस आहेत. त्यांचे रंग कुणी फार विचार करून ठरवले असतील असं वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. शाळा सुरू झाली तेव्हा चारच खोल्या होत्या. कुणा दुकानदारानं उरलासुरला रंग फुकट दिला आणि तो जसा पुरला तशा भिंती रंगल्या. मुलं एकमेकांना पिवळ्या खोलीतला, हिरव्या खोलीतला म्हणू लागली. पुढे खोल्या पाडल्या, रंग तेवढे राहिले. आता पाहुणे आले की मोठ्या बाई सांगतात, पिवळा म्हणजे ज्ञान, लाल म्हणजे शौर्य. मी खेळाची बाई. मागे उभी राहून हसू आवरते.

एक रीत मात्र खरीच जुनी आहे. वर्षाच्या पहिल्या शनिवारी नवी मुलं मैदानाच्या मधोमध उभी करायची. ज्याच्या घरचं कुणी शाळेत असेल, त्या घरच्यानं आपल्या हाऊसच्या रांगेतून हाक मारायची. जिथून हाक येईल ते त्या मुलाचं हाऊस. ज्याला कुणीच नाही, त्यानं डब्यातून चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत कमीपणा काही नाही. पण हाक ऐकून धावत सुटलेल्या पोराचा चेहरा एकदा बघा, मग बोला.

आमचं घर पिढीजात पिवळं. मी, माझा भाऊ, आणि आता त्याचा नववीतला मुलगा. त्याच्या उंचीमुळे सगळे त्याला बांबू म्हणतात. बाकीची हाऊस आम्हाला कावीळ म्हणतात. म्हणोत बापडी.

बांबूची आई तो लहान असतानाच गेली. गेल्या वर्षी भावानं दुसरं लग्न केलं, तेव्हा नव्या वहिनीबरोबर तिची मुलगी आली, चिंगी. तिचेही बाबा गेलेले. ते आमच्याच शाळेतले, हिरव्याचे कप्तान. त्यांच्या पायी आम्ही रिलेची ढाल किती वेळा घालवली, ते विचारू नका.

वर्ष झालं तरी बांबू आणि चिंगी एका घरात पाहुण्यांसारखे वागत होते. ‘मीठ दे’ आणि ‘पंखा बंद कर’, संपलं संभाषण. मला एकच घोर लागलेला, की ही दोघं भावंडं होणार कधी? चिंगी यंदा पाचवीला आमच्या शाळेत आली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता हाकच काय ते काम करेल.

शुक्रवारी जेवताना मी फर्मान काढलं. “बांबू, उद्या चिंगीला हाक मारायची. खणखणीत!”

“बघू.”

“बघू काय बघू? भाऊ आहेस ना तिचा?”

तो मान खाली घालून जेवत राहिला. चिंगीनं वहिनीला हळूच विचारलं, “हिरव्याची रांग कुठे असते गं, आई?”

“नळाच्या बाजूला,” वहिनी म्हणाली.

“तुला काय करायचंय हिरव्याशी?” मी म्हटलं. “तू आता पिवळ्याची.”

शनिवारी हाका सुरू झाल्या. एकेक पोर आपापल्या रांगेकडे पळालं आणि मधे मोजकीच उरली. त्यात चिंगी. बांबू पिवळ्या रांगेत, तोंडाला कुलूप लावून. मी डोळे वटारले. ढिम्म! मोठ्या बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा उचलला. मला असा संताप आला म्हणता, वाटलं जाऊन त्याचा कान पिळावा.

तेवढ्यात हा पठ्ठ्या रांगेतून बाहेर पडला आणि मैदान ओलांडून थेट नळाकडे चालू लागला. “कावीळ पळाली रे!” कुणीतरी ओरडलं. सगळी शाळा खो खो हसली. तो हिरव्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

“चिंगे! इकडे ये!”

हसू थांबलं. चिंगी मात्र जागची हलेना.

“अरे, तू पिवळ्याचा ना?” मोठ्या बाई म्हणाल्या. “तिथून हाक मारायचा तुला काय हक्क?”

“मी तिचा भाऊ आहे.” आवाज फुटायचं वय, त्यात घाबरलेला, बोलता बोलता चिरकला. “तिचे बाबा या हाऊसचे. त्यांना येता येत नाही. म्हणून त्यांच्या जागेवरून मी हाक मारतोय.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण हाऊसच्या रीतिभाती माझ्याकडे. ज्या शब्दासाठी मी वर्षभर जीव टाकला, तो त्यानं सगळ्या शाळेसमोर उच्चारला होता. आणि कशासाठी, तर तिला पिवळ्यात न घेण्यासाठी! आई गेलेल्या पोराला जे कळलं, ते मला एवढी घोडी होऊन कळलं नव्हतं.

“हाक घरच्याचीच आहे, बाई,” मी कशीबशी म्हणाले. “पोचली.”

मग चिंगी धावली. अशी धावली, की तिच्या बाबांनी बघायला हवं होतं.

दुपारी रस्सीखेच झाली, पिवळे विरुद्ध हिरवे. नव्या मुलांनी दोराला हात लावायचा नसतो, कडेला उभं राहून नुसतं ओरडायचं. चिंगीचा घसा बसत आला होता. बांबू सगळ्यात मागे टाचा रोवून उभा. दोर सरकत सरकत हिरव्यांकडे गेला आणि आमचा बांबू धुळीत तोंडावर आपटला.

“हरलास, दादा! हरलास!” चिंगी टाळ्या पिटत नाचली. दादा ती पहिल्यांदाच म्हणाली.

बांबूनं तोंडातली माती थुंकली आणि मान वर केली.

“घरी चल तू,” तो म्हणाला, “दाखवतो तुला!”