आईचा साधा आवाज

दुसऱ्या दिवशी आईचं स्वरयंत्र काढणार होते. याच आवाजावर तिनं चाळीस वर्षं रंगभूमी गाजवली होती. इस्पितळातला तंत्रज्ञ तिच्याकडून रोजची वाक्यं म्हणवून घेत होता. पुढे ती जे टाइप करील ते यंत्र तिच्या आवाजात बोलणार होतं.

"मला पाणी हवंय," आई म्हणाली.

"बाई, ही तर महाराणी झाली. घरी बोलता तसं बोला ना."

दुसऱ्या खेपेला दुःखी विधवा झाली, तिसऱ्या खेपेला खाष्ट सासू. आम्ही तिघंही हसलो. दहाव्या खेपेला कुणीच हसलं नाही.

"तू सांग गं," आई मला म्हणाली. "घरी मी कशी बोलते? करून दाखव, मी तसंच म्हणते."

घरी ती प्रयोगासाठी घसा जपायची. आम्हां भावंडांना काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहायची.

"मला नाही माहीत, आई."

तिनं मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं. "मला दुखतंय," ती म्हणाली. तेही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असंच होतं.