पोटमाळ्याच्या मधून

माझा स्वभाव तापट आहे, हे धारवाडच्या आमच्या कॉलेजात शिपायालाही ठाऊक आहे. माझ्या वर्गातल्या सुनितानं गणिताच्या सलग तिसऱ्या चाचणीत तीच चूक केली तेव्हा माझं डोकंच फिरलं. तिला गणित सोडून आर्ट्सला पाठवावं असं पत्र लिहिलं आणि सहीसाठी तिच्या वडिलांना बोलावलं.

प्रश्न अगदी साधा. दुकानाचा पोटमाळा बारा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. खालच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत अंतर किती? सुनिताबाई दर वेळी बेरीज करून एकोणीस लिहायच्या.

तिचे वडील लक्ष्मण अळणावरजवळच्या खेड्यातून पहिल्या बसनं आले. त्यांच्यासमोरच मी कॉम्प्युटरवर भूमितीचं सॉफ्टवेअर उघडलं, पोटमाळा काढला आणि सुनिताला म्हटलं, "दाखव अंतर."

सुनिताचं बोट पडद्यावर जमिनीच्या कडेनं गेलं, कोपऱ्यात वळलं, मग भिंतीवरून वर चढलं.

"बरोबर हाय की, अक्कोरे," लक्ष्मण म्हणाले. (अक्कोरे म्हणजे इकडच्या बोलीत शिक्षिका.) "वायर अशीच जाती."

ते दाजीबानपेठेतल्या दुकानांत वायरिंगची कामं करतात आणि पाचवीपासून दर रविवारी टेपचं दुसरं टोक सुनिता धरते, हे मला तेव्हा कळलं. तीन चाचण्या झाल्या, पण एकोणीस कुठून आणतेस, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. मला शरम वाटली.

"सुनिता, वायर विसर. तू माशी आहेस. कशी जाशील?"

तिनं माउस घेतला आणि दोन टोकं जोडली. रेघ थेट पोकळीतून गेली. शेजारी आकडा उमटला, तेरा. तिचा विश्वास बसेना. पोटमाळा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, मग वहीत तिन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज केली. एकशे एकोणसत्तर. वर्गमूळ तेराच!

लक्ष्मणांचा चेहरा उतरला. "म्हंजे इतकी वर्सं मी सहा फूट वायर जादा घातली?"

"नाही अप्पा, तुझी वायर बरोबरच हाय. मधनं नेली तर माणसाच्या गळ्यात येईल. हे अंतर नुस्तं मोजायचं, त्यावरनं काय न्यायचं नाही."

इतकं नीट मला पंधरा वर्षांत वर्गात सांगता आलेलं नाही.

लक्ष्मणांनी पत्र पुढे ओढलं. "सही कुठं करू, अक्कोरे?"

मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि फाडलं. "नको. चूक माझी होती."

सकाळपासून दगडासारखी उभी असलेली सुनिता तेव्हा कुठं रडली.